फळाला धीर देणारी पुडी

‘एक नासका आंबा सारी अढी नासवतो’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. वाईट संगत धरू नये एवढाच तिचा अर्थ गुरुजींनी आपल्याला सांगितला. पुढे मी कामगार संघटनेत पडल्यावर हीच म्हण एकदोन साहेबांच्या तोंडून माझ्याविषयीही ऐकली. तेव्हा या नासक्या आंब्याशी माझे नाते जुने आहे! पण तो आंबा शेजारच्या आंब्याला नेमके करतो काय, हा प्रश्न काही मला तेव्हा सुचला नव्हता. तो सुचला फार उशिरा, आणि तोही आपल्या खडवलीच्या फलाटावर.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळीनंतर झाले. तरुणपणी काही वर्षे एका फळबाजारात हमाली केली, त्यामुळे फळ डोक्यावरून आधी गेले आणि डोक्यात मागाहून शिरले. म्हणून आज जे सांगणार आहे ते एका हमालाने समजून घेतलेले शास्त्र आहे, असे समजून ऐकावे.

वैशाख लागला की कसाऱ्याकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीत आसनगाव, वासिंद, खडवली अशा ठिकाणी टोपल्या चढू लागतात. रायवळ आंबे, करवंदे, पुढे जांभळे. या बाया कल्याण-डोंबिवलीला स्टेशनाबाहेर वाटे लावून बसतात. एकदा परतीच्या गाडीत एका मावशींना मी विचारले, “मावशी, सकाळी पन्नासला दिलेला वाटा संध्याकाळी वीसला का दिलात? उद्या विकायचा होता.” त्या म्हणाल्या, “दादा, आंबा थांबत नाय, म्हणून मला बी थांबता येत नाय. गिऱ्हाइकाला ते ठावं असतं.”

या एका वाक्यात बाजाराचे सारे अर्थशास्त्र आले आहे. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव ठरवता येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा की आंबा का थांबत नाही? आणि दुसरा असा की त्याला थांबवता येईल काय?

आंबा झाडावरून उतरला तरी मरत नाही. तो श्वास घेत असतो. हवेतला प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि उष्णताही सोडतो. झाडाकडून मिळणारी शिदोरी बंद झालेली असते, म्हणून तो आपल्या पोटातली पुंजी खर्च करतो. काही दिवस हा खर्च बेताचा असतो. मग एके दिवशी श्वासाचा वेग एकाएकी वाढतो. पिष्टाची साखर होऊ लागते, आंबटपणा उतरतो, पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन सैल पडते, सालीतला हिरवा रंग जाऊन पिवळा उमलतो आणि वास सुटतो. यालाच आपण पिकणे म्हणतो. त्यापुढची पायरी नासण्याची आहे, आणि दोन्हींमध्ये फार अंतर नाही.

हा वेग एकाएकी कोण वाढवतो? त्याचे उत्तर एका वायूत आहे. त्याचे नाव इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, इतका साधा त्याचा रेणू. त्याचा शोध लागण्याची हकिकत मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या वायूवर जळत. जेथे नळ गळत तेथली झाडे अकाली पाने गाळीत. १९०१ साली रशियात दिमित्री नेल्युबोव या तरुण संशोधकाने वाटाण्याचे रोप प्रयोगशाळेत वाढवताना पाहिले, की ते सरळ वर न जाता आडवे वळते आहे. शोध घेता घेता तो दिव्याच्या वायूतील इथिलीनपर्यंत पोचला. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन याने सिद्ध केले, की पिकणारे सफरचंद हा वायू स्वतःच तयार करते. म्हणजे गळक्या नळातून येणारा उपरा वायू हा फळाच्या घरचाच निघाला.

आता म्हणीकडे वळू. आंबा, केळे, चिकू, पपई, पेरू ही फळे इथिलीन सोडतात. आणि इथिलीन लागले की स्वतः आणखी इथिलीन तयार करतात. हवेच्या दहा लाख भागांत एखादा भाग इथिलीन असले तरी पुष्कळ फळांना तेवढी हाक पुरते. एका फळाने हाक दिली की शेजारी ओ देतो, त्याची ओ तिसऱ्याला हाक होते. दुखावलेले, चेपलेले, बुरशी लागलेले फळ तर ही हाक मोठ्याने देते. ‘नासका आंबा अढी नासवतो’ यात बुरशी पसरते हा भाग आहेच. पण त्याआधी हा न दिसणारा वायू सगळ्या अढीला उठवून बसवतो. आपल्या पूर्वजांना इथिलीन ठाऊक नव्हते, पण त्याचे वर्तन अचूक ठाऊक होते.

किंबहुना आपली अढी म्हणजे दुसरे काय? भाताच्या पेंढ्यात आंबे रचायचे, वर पेंढा, वर पोते. ऊब राहते आणि आंब्याने सोडलेला वायू आंब्यापाशीच राहतो. केळ्यांना बंद खोलीत धूर देण्याची जुनी रीतही याच जातीची. धुरात इथिलीन असते. तात्पर्य, पिकवण्यासाठी वायू कोंडून ठेवायचा ही विद्या आपल्या आजीला येत होती. नव्या शास्त्राने प्रश्न उलटा केला: वायू कोंडण्याऐवजी तो काढून टाकला तर?

येथे एक भेद लक्षात ठेवावा. सगळी फळे अशी नाहीत. द्राक्ष, डाळिंब, संत्रे ही काढल्यावर आणखी पिकत नाहीत. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. ती सुकतात, मऊ होतात, बुरशीने जातात, पण त्यांच्यात तो एकाएकी येणारा उठाव नसतो. म्हणून दोघांचा इलाजही वेगळा. औषध देण्यापूर्वी रोग ओळखावा, हा नियम फळांनाही लागू आहे.

फळाला थांबवण्याचे पहिले आणि सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे गारवा. पुण्याला गणेशखिंड येथे १९३० नंतरच्या दशकात डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी करमरकर यांनी आंब्याच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. पण गारव्याला मर्यादा आहे. केळे साधारण तेरा अंशांखाली नेले तर साल काळवंडते आणि मग ते नीट पिकतच नाही. आंब्यालाही फार थंडी सोसत नाही. शिवाय वासिंदच्या मावशींकडे शीतगृह कोठून येणार? त्यांच्याकडे टोपली आहे. तेव्हा टोपलीतच काही करता येईल काय, असा विचार करावा लागतो.

आजवर आवेष्टनाचे काम एवढेच मानले जाई, की फळाला धक्का लागू नये. पेंढा, रद्दी कागद, लाकडी पेटी, पुठ्ठ्याचा खोका ही सारी बसून राहणारी आवेष्टने. आता जी निघाली आहेत ती काम करणारी आहेत. खोक्यातली हवा ती बदलतात. काही शोषतात, काही सोडतात. त्यांच्या चार जाती आपण पाहू.

पहिली जात इथिलीन खाणारी पुडी. विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, आपल्या परिचयाची आहे. ती इथिलीनला भेटली की त्याचे ज्वलनासारखे विघटन करते आणि स्वतः तपकिरी होते. ही पूड नुसती ठेवून भागत नाही, कारण वायूला भिडायला तिला पृष्ठभाग फार लागतो. म्हणून झिओलाइट, अॅल्युमिना किंवा भाजून फुगवलेल्या खनिजाचे सच्छिद्र दाणे तिच्या द्रावणात भिजवून वाळवतात आणि वायू जाऊ शकेल अशा कागदाच्या पुडीत भरतात. १९७० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हिरवी केळी पॉलिथिनच्या पिशवीत अशा पुडीसह ठेवून त्यांचे पिकणे लांबवता येते असे दाखवले. या पुडीचा एक गुण मला फार आवडतो. ती लपवालपवी करीत नाही. जांभळी आहे तोवर कामावर आहे. तपकिरी झाली की तिची पाळी संपली.

दुसरी जात पिशवीची. फळ पिशवीत बंद केले की त्याच्याच श्वासाने आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. दोन्हींमुळे श्वास मंदावतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदांवर प्रयोग करून हे तत्त्व पक्के केले. मात्र प्राणवायू फारच उतरला तर फळ गुदमरते, आत आंबते आणि दारूसारखा वास येतो. म्हणून पिशवीचे प्लॅस्टिक किती जाड असावे, त्याला किती बारीक छिद्रे असावीत हे फळागणिक ठरवावे लागते. पिशवी म्हणजे भिंत नव्हे, ती मोजून उघडलेली खिडकी आहे.

तिसरी जात कुलूप बंद करणारी. इथिलीन फळाच्या पेशीत शिरते तेव्हा तेथे त्याच्यासाठी जणू एक कुलूप असते आणि इथिलीन ही त्याची किल्ली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील सिस्लर आणि ब्लँकेनशिप यांना १९९० च्या दशकात असा एक वायू सापडला, की जो त्याच कुलपात किल्लीसारखा बसतो पण ते उघडत नाही. मग खरी किल्ली आली तरी बाहेरच थांबते. या वायूचे नाव लांबलचक आहे, वन-मिथिल-सायक्लोप्रोपीन. परदेशी सफरचंदे महिनोन्महिने कडक राहतात त्यात याचा वाटा मोठा आहे. पण प्रमाण चुकले तर फळ कधीच धड पिकत नाही. रबरासारखा आंबा विकून शेतकऱ्याचे नाव कोण चालू ठेवणार?

चौथी जात आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षांची, आणि आपल्या राज्यातील सर्वांत पक्के उदाहरण तेच आहे. द्राक्षाला इथिलीनची भीती थोडी. त्याचा शत्रू राखी बुरशी. ती शीतगृहातल्या थंडीतही वाढते. म्हणून निर्यातीच्या खोक्यात द्राक्षांवर एक पातळ कागदी पत्रा ठेवतात, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. खोक्यातली ओल त्याला लागली की सल्फर डायऑक्साइड हा वायू थोडाथोडा सुटतो आणि बुरशीला डोके वर काढू देत नाही. या पत्र्याला दोन थर असतात: एक सुरुवातीला झटपट वायू सोडणारा, दुसरा पुढचे कित्येक आठवडे संथपणे सोडणारा. वायू कमी पडला तर बुरशी. जास्त झाला तर मणी पांढरे पडतात. समुद्रातून युरोपला जाणारा घड आठवडे काढतो तो या पत्र्याच्या आणि शून्य अंशाच्या आसपासच्या गारव्याच्या जोडीने.

पण नुसत्या पत्र्याने द्राक्ष युरोपात पोचले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. माल झटपट थंड करण्याची सोय, शीतगृह, प्रतवारी, खोके, कागद ही एकट्या लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेरची साधने एकत्र येण्याने आवाक्यात आली. कागदाचे तुकडे कोणीही विकत घेईल. पण तो कागद ज्या साखळीत बसतो ती साखळी माणसांनी एकमेकांचे हात धरून बनवावी लागते.

आता थोडे घरचे. शास्त्र वाचून माझे समाधान झाले नाही, म्हणून मी एक प्रयोग केला. एकाच फण्यातली हिरवी केळी तीन ठिकाणी ठेवली. काही उघडी, काही बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि काही तशाच पिशवीत पण सोबत परमँगनेटमध्ये भिजवून वाळवलेल्या विटेच्या चुऱ्याची पुरचुंडी. उघडी केळी आधी पिवळी झाली, नुसत्या पिशवीतली त्यांच्यामागून, आणि पुरचुंडीची सर्वांत शेवटी. चुरा जांभळ्याचा तपकिरी झालेला माझ्या नातीने मला दाखवला. हा प्रयोग कोणीही करावा. मात्र ती पूड फळाला लागू देऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये, बोटे आणि कपडे सांभाळावेत. तयार पुडी घेतली तरी ती फाडू नये.

या पुडीचे गुण सांगितले, तसे तिला जे येत नाही तेही सांगितले पाहिजे. पिकायला लागलेल्या फळाला ती मागे नेत नाही. चेपलेले फळ ती सुधारत नाही. बुरशी मारीत नाही. कोवळा काढलेला आंबा तिच्यामुळे गोड होत नाही. तेव्हा पुडीआधी काढणी आली: आंबा आपटू न देता झेल्याने उतरवावा, देठ ठेवून काढावा म्हणजे चीक सालीवर पसरत नाही, उन्हात पडू देऊ नये. माल हाताळणाऱ्याचा हात जेथे घाईत आहे तेथे कोणतीही पुडी हरते. आणि त्या हाताला घाई का असते, हे मोजणीवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला विचारावे.

येथे दुसऱ्या एका पुडीची आठवण केल्याशिवाय राहवत नाही. ती थांबवणारी नव्हे, पळवणारी. मी हमाली करीत होतो तेव्हा एका गाळ्यावर आंब्याच्या पेट्यांत कागदात बांधलेल्या राखाडी खड्यांच्या पुड्या घालण्याचे काम आम्हा पोरांकडे असे. ते कॅल्शियम कार्बाइड. घामाने ओल्या हातांनी आम्ही ते हाताळीत होतो. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची कच्ची नक्कल करतो. आंबा बाहेरून पिवळा होतो, आतून कच्चा राहतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. माझ्या तळव्याची कातडी सोलली गेली त्याचे कारण मला पंधरा वर्षांनी एका पुस्तकात सापडले. कायद्याने फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. त्याऐवजी बंद खोलीत इथिलीन वायू मोजून देण्यास २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने परवानगी दिली. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग ही त्याची मर्यादा. गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी म्हणून हा नियम सांगितला जातो, ते योग्यच आहे. पण पुडी गिऱ्हाइकाच्या पोटात जाण्याआधी हमालाच्या हातातून जाते, एवढे मी त्यात जोडतो. कोणतेही नवे द्रव्य बाजारात आले, की ते फळाला काय करते याबरोबरच ते भरणाऱ्याला काय करते हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता मावशींच्या वाक्याकडे परत येतो. समजा, टोपलीत दहा वाटे आहेत. सहा वाटे सकाळी पन्नासने गेले, तीनशे रुपये झाले. उरलेले चार संध्याकाळी वीसने गेले, ऐंशी झाले. हेच चार वाटे दोन दिवस टिकले असते आणि चाळीसने गेले असते, तर एकशे साठ आले असते. फरक ऐंशी रुपयांचा. हा फरक आंब्यात नाही, त्याची गोडी तीच आहे. तो आहे दोन दिवसांत. म्हणजे पुडी फळ विकत नाही, ती वेळ विकते.

आणि वेळ कोणाच्या हाती पडते याला महत्त्व आहे. पुडी, पिशवी आणि शीतगृह फक्त व्यापाऱ्याकडे राहिले, तर मावशी संध्याकाळी वीसला देतील आणि दुसरा कोणी तोच आंबा तीन दिवसांनी साठला विकेल. शास्त्राने फळाला थांबवले, पण विकणारीला नाही, असे होईल. उलट दहा-बारा बायांनी मिळून एक सावलीची खोली, थोडे पुठ्ठ्याचे खोके, निवडायला एक फळी आणि पुड्यांचा एक डबा ठेवला, तर भाव ठरवताना त्यांचेही तोंड उघडेल. त्याला मोठे भांडवल लागत नाही. लागते ते एकमेकींवरच्या भरवशाचे.

हे मला इतके जवळचे का वाटते, ते सांगून थांबतो. सगळ्या मालांत सर्वांत नाशवंत माल आंबा नव्हे. मजुराचा दिवस त्याहून नाशवंत आहे. आजचा दिवस आज विकला गेला नाही, तर तो उद्याला उरत नाही. त्याची अढी घालता येत नाही, त्याला शीतगृह नाही. म्हणून नाक्यावर उभा असलेला मजूर दहा वाजले की आठ वाजताच्या निम्म्या दराला कबूल होतो. गिऱ्हाइकाला ते ठावे असते! आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या संघटनेचा सारा खटाटोप, वर्गणी, मदतनिधी, एकमेकांच्या घरी पोचवलेले धान्य, हा त्या माणसाला दोन दिवस थांबता यावे यासाठी होता. मला पुष्कळ वर्षे वाटे की आम्ही हक्कासाठी भांडतो. त्या फलाटावर कळले, की आम्ही थांबण्याच्या बळासाठी भांडत होतो. हक्क त्याच्या मागून येतो.

परवा त्याच मावशी गाडीत भेटल्या. मी त्यांना चार पुड्या दिल्या आणि रंगाची खूण सांगितली. त्यांनी एक पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “दादा, ही तपकिरी झाली म्हंजे दुसरी कोण देणार?”

श्रोतेहो, पुडीचे शास्त्र मी आपल्याला सांगितले. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देण्यासारखे नाही.